जिल्हा आवृत्तीचे डेस्क की जनसंपर्क संस्था? पहिल्या नोकरीबाबत सल्ला हवा

नांदेडची_विद्यार्थिनी

नमस्कार. जनसंवाद आणि पत्रकारिता या विषयातील माझ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे हे शेवटचे सत्र आहे. एका मराठी दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत प्रशिक्षणार्थी उपसंपादक म्हणून काम मिळू शकते, मात्र मानधन तुटपुंजे आहे आणि पाळी मध्यरात्रीपर्यंत चालते. पुण्यातील एका जनसंपर्क संस्थेनेही मराठी मजकूर लिहिण्यासाठी बोलावले आहे आणि तेथे पगार बरा आहे. पुढे जिल्हा माहिती अधिकारी व्हावे अशी माझी इच्छा आहे. त्यामुळे नोकरीच्या फंदात न पडता आत्तापासूनच स्पर्धा परीक्षेला बसावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डेस्कवरचा_माणूस

मी डेस्कच्या, म्हणजे बातम्या तपासून-संपादून पानात बसवणाऱ्या विभागाच्या, बाजूने बोलणार, हे उघड आहे. पण कारण ऐकून घ्या. जिल्हा आवृत्तीत रोज प्रसिद्धिपत्रकांचा ढीग येतो. एखाद्या पतसंस्थेचा वर्धापनदिन ‘मान्यवरांच्या उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न’ झालेला असतो, पहिले तीन परिच्छेद व्यासपीठावरील नावांनी भरलेले असतात आणि अतिवृष्टीग्रस्त सभासदांच्या कर्जावरील व्याज माफ केल्याचे शेवटच्या ओळीत कुठेतरी लिहिलेले असते. ती शेवटची ओळ उचलून पहिली करणे, किती सभासद आणि किती रक्कम हे फोन करून विचारणे आणि उरलेला मजकूर निर्दयपणे कापून बातमी दीडशे शब्दांत बसवणे, हे काम रात्री पाने छपाईला सोडण्याची वेळ डोक्यावर असताना करावे लागते. वर्गात हे शिकवतात, पण हात त्यावर बसतो तो डेस्कवरच. शिवाय वृत्तसंस्थांचा बराचसा मजकूर इंग्रजीत येत असल्याने झटपट आणि बिनचूक अनुवादाची सवय लागते, जी पुढे कोठेही गेलात तरी उपयोगी पडते.

मात्र एक गोष्ट आधी स्पष्ट करून घ्या. जाहिराती आणण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकणार असतील, तर ती नोकरी उपसंपादकाची नव्हे.

पुणेकर_जनसंपर्क

डेस्कचे महत्त्व मान्य आहे, परंतु जनसंपर्काकडे केवळ बऱ्या पगाराची जागा म्हणून पाहू नये. बहुतेक कंपन्यांची पत्रके मुळात इंग्रजीत तयार होतात आणि त्यांचा मराठी अनुवाद अनेकदा इतका कृत्रिम असतो की वरच्या महोदयांसारखे उपसंपादक तो बाजूला सारतात. त्यामुळे मूळ मराठीतच विचार करून लिहिणाऱ्या व्यक्तीला येथे खरोखर मागणी आहे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. अशा प्रकल्पांचे अहवाल आणि लाभार्थ्यांच्या कहाण्या लिहिण्याचे बरेच काम त्यातून निर्माण झाले आहे.

उणी बाजूही सांगतो. येथे तुमचे नाव छापून येत नाही आणि वृत्तपत्रांत छापून आलेल्या बातम्यांची किती कात्रणे आली यावर ग्राहक तुमचे मोल ठरवतो. मुख्य म्हणजे, बातमीदार वाचकासाठी प्रश्न विचारतो, तर आपण ग्राहकाची बाजू मांडतो. हा फरक मनाला पटणार नसेल, तर पगार पाहून येऊ नये.

माहिती_खाते

तुमचे ध्येय जिल्हा माहिती अधिकारी होण्याचे आहे, म्हणून त्या दिशेने लिहितो. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील अधिकारी पदे महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. पत्रकारितेची पदवी किंवा पदविका असली तरी अशा पदांसाठी प्रत्यक्ष कामाचा अनुभवही मागितला जातो. म्हणजे घरच्यांनी सुचवल्याप्रमाणे नोकरी टाळून केवळ अभ्यास केला, तर अर्ज करण्याच्या टप्प्यावरच अडचण येऊ शकते. केंद्राच्या भारतीय माहिती सेवेतील गट ‘ब’ च्या पदांसाठीही मराठीच्या स्वतंत्र जागा निघालेल्या आहेत आणि तेथेही अनुभव विचारात घेतला जातो. त्यामुळे पूर्वीच्या जाहिराती संबंधित आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेऊन त्यातील अर्हतेचा परिच्छेद शब्दशः वाचावा आणि मगच दोहोंपैकी कोणती नोकरी त्यात बसते ते पाहावे.

कागद मात्र पक्के ठेवा. नियुक्तीपत्र, बँकेत जमा झालेले वेतन आणि पदनाम व कालावधी नमूद केलेला अनुभवाचा दाखला, हे तिन्ही हवेत. तालुक्याच्या ठिकाणी वर्षानुवर्षे वार्ताहर म्हणून राबलेल्या अनेकांकडे ओळखपत्राखेरीज काहीच नसते.

नांदेडची_विद्यार्थिनी

आपणा सर्वांचे आभार. दैनिकाने ‘आधी काही महिने काम पाहू, मग पत्र देऊ’ असे सांगितले आहे. अशा स्थितीत काय करावे? तसेच मला मराठी टंकलेखन मोबाइलवरच जमते, हेही प्रांजळपणे सांगते.

डेस्कवरचा_माणूस

प्रशिक्षणार्थी म्हणून का होईना, रुजू झाल्याच्या तारखेचे पत्र मागा, निदान ई-मेलवर तरी लेखी घ्या. तेवढेही देण्याची तयारी नसेल, तर पुण्याची नोकरी स्वीकारलेली बरी. टंकलेखनासाठी संगणकावर इन्स्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळमांडणी) आजपासूनच सुरू करा, कारण ती युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या अक्षरसंचात, सर्वत्र चालते. काही कार्यालयांत अजूनही जुन्या फॉन्टचा मजकूर फिरतो आणि तो युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरे व रफार हमखास बिघडतात, तेव्हा पान सोडण्यापूर्वी मथळे तरी डोळ्यांखालून घालत जा.