अडथळा काढला, मग लघवी वाढली कशी?

एका ताईंनी विचारलंय, मूत्रमार्गातली झडप (जन्मतःच असलेला, लघवी अडवणारा पडदा) काढल्यावर बाळाला उलट जास्तच लघवी होतेय, ऑपरेशन फसलं का? तसं नसतं. लहान मुलांच्या वॉर्डात हे आम्ही नेहमी बघतो.

मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांच्या पेशींत ॲक्वापोरिन-२ नावाची, पाण्याची दारंच म्हणा ना, प्रथिनं असतात. व्हॅसोप्रेसिनचा (शरीरात पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचा) हुकूम आला की ती पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि पाणी परत शरीरात जातं. (ॲक्वापोरिनच्या शोधासाठीच पीटर ॲग्रे यांना २००३चं नोबेल.) लघवी तुंबली की ही प्रथिनं घटतात, प्रयोगातल्या उंदरांत दिसलं, मुलांच्या फुगलेल्या मूत्रपिंडांतही. अडथळा अर्ध्या तासात निघतो, दारं लगेच परत बसत नाहीत. हुकूम येतो, पण ऐकणार कोण?

म्हणून आम्ही डायपर आधी कोरा तोलतो, मग ओला. जितके ग्रॅम फरक, साधारण तितके मिली लघवी, आणि त्यावर सलाइन ठरतं. सोबत सोडियम-पोटॅशियमची तपासणी.

झडपेच्या काही मुलांत हा त्रास वर्षानुवर्षं राहतो. गादी ओली होते म्हणून घरी आजी पाणी तोडते, ते मात्र करू देऊ नका; पाणी तोडलं तरी लघवीतून ते जातच राहतं.