मिठाच्या थरात पाणी सोडून गुहा करायची, तर वरच्या खडकाचं आणि भूजलाचं काय?

ऐरोलीकर
राजस्थानातल्या मिठाच्या थरांत कच्चं तेल साठवायला गुहा करायचा विचार चालू आहे म्हटल्यावर आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जाणकारांनीही ‘जमीन खचणार’ची ओरड सुरू केली. माझ्या मते दोष पद्धतीचा नाही, हावरेपणाचा आहे.

बोअर मिठात बरंच खाली नेतात, केसिंग (बोअरला आतून बसवलेली पोलादी नळी) मिठाच्या आत उतरवून जमिनीपर्यंत सिमेंट करतात. आत दोन सुट्या नळ्या, एकीत दुसरी. एकीतून गोडं पाणी खाली, दुसरीतून खारं पाणी वर. केसिंग आणि बाहेरच्या नळीमधल्या फटीत डिझेल नाहीतर नायट्रोजन भरतात. ते हलकं, शिवाय मीठ विरघळवत नाही, म्हणून छताला चिकटून राहतं आणि पाण्याला छत खाऊ देत नाही. अधूनमधून सोनार (ध्वनिलहरींनी अंतर मोजणारं यंत्र) आत सोडून पोकळीचा आकार मोजायचा. डोक्यावर आणि दोन गुहांमध्ये पुरेसं मीठ राखलं तर त्याच्याइतकं घट्ट काही नाही. आपल्या बेसॉल्टला सांधे असतात, त्यांतून पाणी झिरपतं. खोलवरच्या मिठात भेग पडली तरी दाबाने मिटते.

खारीगाव
घट्ट खरं, पण पाण्यात विरघळणारं! ब्राझीलमधलं मासेयो बघा. शहराखाली ३५ मीठविहिरी. मार्च २०१८ मध्ये भूकंपाचा धक्का बसला, घरांना, रस्त्यांना भेगा पडल्या. २०१९ मध्ये तिथल्या सरकारी भूगर्भ खात्याने मीठ-उपशाकडेच बोट दाखवलं. सुमारे ६० हजार माणसांना घरं सोडावी लागली आणि १० डिसेंबर २०२३ला १८ क्रमांकाची गुहा मुंडाऊ सरोवराच्या तळाशी फुटली. सोनार तर त्यांच्याकडेही होताच की.

पारसिक
खारीगाव, उदाहरण बरोबर, निष्कर्ष घाईचा. छत ढासळलं की दगड फुटून फुगतो. तीस टक्के फुगतो असं धरलं तर ३० मीटर उंचीची पोकळी साधारण १०० मीटर वर चढून स्वतःच्याच ढिगाऱ्याने भरते आणि थांबते. मासेयोला मीठ ९०० मीटरच्या आसपास सुरू होतं. एकटी आटोपशीर गुहा तिथून जमिनीपर्यंत येणं अवघड. शेजारशेजारच्या गुहा एकमेकींत मिसळल्या, रुंदी वाढली, की मात्र वरचा सगळा स्तंभ वाकतो. म्हणून नकाशावर आधी दोन गुहांमधलं अंतर बघायचं, खोली नंतर.

दुसरी चूक कडेची. अमेरिकेत लुइझियानातल्या बायू कॉर्नला गुहा मिठाच्या घुमटाच्या कडेला फार जवळ गेली. भिंत फुटली, बाहेरचा खडक आत घुसला आणि ऑगस्ट २०१२ मध्ये वर खड्डा पडला. छत तिथे गुन्हेगार नव्हतंच.

कोपरी-खाडी
आणि पाणी? ५ लाख घनमीटरची एक गुहा धरा. एक घनमीटर मीठ विरघळवायला सात-आठ घनमीटर गोडं पाणी लागतं, म्हणजे ३५ ते ४० लाख घनमीटर. मोरबे योजनेची क्षमता रोज ४५ कोटी लिटर, म्हणजे नवी मुंबईचं आठ-नऊ दिवसांचं पाणी एका गुहेला. बदल्यात जवळपास तेवढंच खारं पाणी आणि दहा लाख टनांवर मीठ बाहेर येणार. आपल्याकडे निदान खाडी आहे (म्हणून तिच्यात सोडा असं नाही!), बिकानेरला समुद्र कुठला?

त्यात केसिंगचा एखादा जोड भूजलाच्या थराजवळ गळला तर संपृक्त खाऱ्या पाण्याचा एक लिटर साडेसातशे लिटर पाणी पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेला, म्हणजे लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइडला नेतो. बरं, ते जड, तळाशी बसतं. निरीक्षण विहिरीची जाळी (जिथून पाणी विहिरीत शिरतं तो भाग) वरच्या भागात ठेवली की अहवाल वर्षानुवर्षं झकास येतो.

ऐरोलीकर
जाळीचा मुद्दा मान्य, तळाशीच हवी. पण गळती आधी पकडता येते. केसिंगच्या खालच्या टोकाच्याही खाली नायट्रोजन भरायचा, त्याची पातळी लॉगिंगने (विहिरीत उपकरण सोडून) मोजायची आणि तापमान धरून हिशोब लावायचा. पातळी वर सरकली तर गुहा चालू करायची नाही.

खारीगाव
हे झालं चालू गुहेचं. बंद केल्यावर काय? हजार मीटरवर खाऱ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण १२० बार, वरच्या खडकाचा २२०च्या आसपास. या फरकामुळे मीठ हळूहळू आत सरकत राहतं. शिवाय थंड पाण्याने कोरलेली गुहा आजूबाजूच्या खडकापेक्षा थंड असते. तोंड सिमेंटने बंद केलं की आतलं पाणी तापतं, पण फुगायला जागा नसते. एका अंशाला सुमारे १० बार दाब चढतो, म्हणजे दहा अंशांत खडकाच्या दाबाशी गाठ. मग वाट काढतं ते छताच्या मिठातून किंवा केसिंगच्या सिमेंटमधून. पारसिक, तुमची बायू कॉर्नची विहीरसुद्धा २०११ मध्येच बंद केलेली होती, हे सांगायचं राहिलं.

पारसिक
राहिलं खरं. पण कारण तिथे कड हेच होतं, तापमान नव्हे. बाकी दाबाचा हिशोब मान्य. उपाय आहे: तापमान जुळेपर्यंत तोंड उघडं ठेवायचं, येईल तेवढं पाणी काढत राहायचं. मोठ्या गुहेला याला काही दशकं लागतात. तेवढी वर्षं पंप, प्लंबर आणि पगार कुणाच्या खात्यातून, ते टेंडरमध्ये बघा.