जर्मनीला जाणाऱ्या रबर मॅटसाठी मळ्याचे अक्षांश-रेखांश कुठून आणायचे?

दांडियाबाजारकर, बडोदे
नमस्कार. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका रबर कारखान्यात मी चौदा वर्षं निर्यातीची कागदपत्रं सांभाळते. शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट यांत हात बसलेला आहे. आता जर्मनीच्या गिऱ्हाइकानं मॅट आणि गॅस्केटसाठी, त्यातलं रबर ज्या मळ्यातून आलं त्या मळ्याचे अक्षांश-रेखांश मागितलेत. युरोपीय संघाचा २०२३/१११५ क्रमांकाचा कायदा आहे. गुरं, कोको, कॉफी, पाम, रबर, सोया, लाकूड यांपासूनचा ठरावीक माल ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा नसावा, आणि आयातदारानं तसं तपासून जाहीर करावं.

कायद्याबद्दल माझी तक्रार नाही. माझं आजोळ दोडामार्गकडे. आजी करवंदं काढायला न्यायची त्या उतारावर आज रबराच्या सरळ रांगा आहेत. कुणीतरी हे विचारायलाच हवं होतं.

पण आमची आरएसएस-४ शीट (धुरीवर वाळवलेल्या नैसर्गिक रबराची एक प्रत) केरळातल्या कोट्टयमच्या व्यापाऱ्याकडून येते. तो कितीतरी छोट्या शेतकऱ्यांची शीट एकत्र करून गाठी बांधतो. त्यानं मला नावं आणि गावं पाठवली, जागा एकाचीही नाही. ब्लॉक रबर, म्हणजे ठोकळ्यांच्या रूपातलं नैसर्गिक रबर, व्हिएतनामचं, मुंबईच्या आयातदाराकडून. शेठ म्हणतात, सॉफ्टवेअर घ्या म्हणजे सुटलो. दोन डेमो पाहिले, एकाचे वर्षाला साडेतीन लाख. नकाशावर मळ्याचा ठिपका टाकला की, जंगलतोड नसेल तर, तो हिरवा होतो. तो ठिपका कोण आणून देणार, ते दोघांनीही सांगितलं नाही. आम्ही लघुउद्योग, म्हणून जून २०२७ पर्यंत वेळ आहे असंही शेठ धरून चाललेत. बरोबर आहे का?

नकाशेवाला, पुणे
ताई, आधी मुदतीचं. ती तुमच्या कारखान्याच्या आकारावर ठरत नाही, तिकडे माल उतरवून घेणाऱ्या कंपनीच्या आकारावर ठरते. ती मोठी किंवा मध्यम असेल तर ३० डिसेंबर २०२६, सूक्ष्म किंवा लघु असेल तर ३० जून २०२७. आजच मेल टाकून विचारा.

मी कोडगूच्या कॉफीमळ्यांचे नकाशे करतो. सॉफ्टवेअर ठिपका आणत नाही, आलेला तपासतं. चार हेक्टरपर्यंतच्या मळ्याला एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्याला पूर्ण हद्द आखावी लागते, आणि आकडे दशांशानंतर सहा अंकांचे हवेत. शेतकऱ्यानं मळ्यात उभं राहून मोबाइलवर घेतले तरी चालतात. तुमच्या व्यापाऱ्याकडचा मुलगा स्कूटरवर हे काम करू शकतो. मग जिओजेसन फाइल (नकाशावरच्या जागा साठवायची ठरावीक पद्धत) बनते, त्यात रेखांश आधी आणि अक्षांश नंतर. इथेच घोळ होतो. कोट्टयमचं ९.६, ७६.५ उलटं पडलं की मळा थेट उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळच्या समुद्रात जातो. डेमोवाल्याला मुद्दाम असे उलटे आकडे द्या. त्याचं सॉफ्टवेअर मुकाट्यानं ते घेत असेल तर साडेतीन लाख वाचवा.

आणि लाल ठिपका दिसला की शेतकऱ्याला दोषी धरू नका. नारळ-फणसाच्या सावलीतला जुना रबरमळा उपग्रहाच्या नकाशात जंगल म्हणून दिसू शकतो. अशा ठिकाणी फोटो आणि जमिनीचे कागद मागवा.

कारेलीबागचे काका
बेटा, मी तीस वर्षं मिक्सिंग मिलवर, म्हणजे रबर मळायच्या यंत्रावर, काढली. नकाशा कितीही चोख असला तरी मिलवर सगळी शीट एकत्र मळली जाते. खात्री असलेलं आणि नसलेलं रबर मिसळून टक्केवारीचा हिशेब हा कायदा मान्य करत नाही. त्या बॅचमध्ये ज्या ज्या मळ्याचं रबर गेलेलं असू शकतं, ते सगळे मळे जाहीर करावे लागतात. म्हणून आधी गोदाम वेगळं करा. गाठीवर लॉट नंबर, तोच नंबर बॅच कार्डावर, तोच पॅकिंग लिस्टवर. हे वहीतही होतं, पण रोज, न चुकता.

तुमच्या किती गॅस्केट ईपीडीएम किंवा नायट्राइल या कृत्रिम रबरांच्या आहेत? त्यांत नैसर्गिक रबर नसेल तर त्या या कायद्यात येतच नाहीत. निम्मं ओझं तिथंच उतरेल.

आणखी एक. केरळात रबराचं झाड साधारण सातव्या वर्षी चिकाला येतं. म्हणजे आज ज्याला चीक येतो ते २०२० च्या आधी लावलेलं. लागवडीचं वर्ष लिहून घ्या, मोठा आधार आहे. पण २०२१ ची झाडं २०२८ च्या सुमारास चिकाला येतील, तेव्हा हा आधार सरेल.

दांडियाबाजारकर, बडोदे
काका, रात्री बसून यादी काढली. एकतीस प्रकारच्या गॅस्केटपैकी नैसर्गिक रबर फक्त नऊमध्ये. मॅट सगळ्या त्यात. दादा, आकडे उलटे देऊन पाहिले. एका सॉफ्टवेअरनं लगेच अडवलं, दुसऱ्यानं समुद्रातला मळा हिरवा दाखवला. जर्मन कंपनी मध्यम आकाराची निघाली, तेव्हा डिसेंबर २०२६ च धरायचा. शेठना हे आज दुपारी सांगितलं, ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत होते.

कोट्टयमचा व्यापारी चाळीस शेतकऱ्यांपासून सुरुवात करायला तयार आहे. त्या शीटसाठी मी गोदामाचा डावा कोपरा मोकळा करून घेतला. व्हिएतनामचं ब्लॉक रबर पुरावा येईपर्यंत देशातल्या ऑर्डरींनाच वापरायचं ठरलंय. त्या मुंबईच्या आयातदाराला काय काय लेखी मागावं, याचा नमुना कुणाकडे असेल तर पाठवा.