ऊटा आणि नाउमबुर्ग: थोडी भर

कुणीतरी म्हटलंय की जर्मनीतल्या नाउमबुर्गच्या कथीड्रलमधला (बिशपच्या मुख्य चर्चमधला) ऊटाचा पुतळा तिला समोर बसवून घडवला असावा. कालगणनेत ते बसत नाही. बालेनश्टेटची ऊटा ही माइसेनचा मार्ग्राफ (सीमाप्रांताचा सरदार) दुसरा एकेहार्ड याची बायको, म्हणजे ११व्या शतकातली. तिथले दात्यांचे पुतळे साधारण १२५० चे. दोनशे वर्षांनी कोण कुणाला बघणार?

मग तीच का? तर एकेहार्डच्या घराण्याने १०२८ मध्ये बिशपचं पीठ त्साइट्झहून नाउमबुर्गला आणवलं आणि शहराचं नशीब पालटलं. पुढे बांधकामाला पैसा हवा होता, तेव्हा बिशप डिट्रिशने १२४९ च्या पत्रात जुन्या दात्यांची नावं घेतली. त्यात ऊटा आहे, म्हणून पुतळ्यांतही ती. 'बघा, त्यांनी दिलं, आता तुम्ही द्या,' असा सरळ हिशेब! वर्गणी गोळा करणारे तेव्हाही हुशारच.

पण शिल्पकाराने काय करून ठेवलंय! उजवा हात झग्याच्या आत, त्यानेच कॉलर गालापर्यंत वर धरलेली, तीही नेमकी नवऱ्याच्या बाजूला. डाव्या हाताने कापडाच्या जड चुण्या सावरल्यात. दगडावर रंगाचे अवशेष अजून दिसतात. समोरच्या बाजूला जाऊबाई रेगलिंडिस, पोलंडच्या राजाची लेक, चक्क हसतेय. मला विचाराल तर जास्त जिवंत तीच वाटते, पण पोस्टकार्डांवर मान ऊटाचा.

एकेहार्ड १०४६ मध्ये निपुत्रिक वारला, घराणं तिथेच संपलं. कथीड्रल २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.