स्क्राइब म्हणजे नुसता टायपिस्ट नव्हे
स्क्राइब म्हणजे डॉक्टर पेशंट तपासत असताना त्यांच्या नोंदी लिहून देणारा मदतनीस. तो नुसता महागडा टायपिस्ट, त्याने डॉक्टरांचा थकवा कसा जाणार, असं म्हटलं जातं; ते मला पटलं नाही. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रुग्णासमोरच्या दर तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावरच्या नोंदी आणि टेबलकामात जात होते. घरी नेलेलं काम वेगळंच.

मी पुण्यातून रात्रपाळीत तिकडच्या एका फॅमिली डॉक्टरबाईंचं हे काम केलंय. मला फक्त आवाज ऐकू यायचा, म्हणून पोट तपासताना त्या मोठ्याने सांगायच्या, "उजवीकडे खाली दाबल्यावर दुखतंय, यकृत हाताला लागत नाही." ते पेशंटलाही कळायचं आणि तो तिथेच शंका विचारायचा. शेवटचा पेशंट गेला की नोंदी तयार; मॅडम वाचून, दुरुस्त करून सही करायच्या. पूर्वी हेच काम मुलं झोपल्यावर चालायचं, असं त्यांनीच सांगितलं होतं.