कोल्हापुरात पंचगंगेच्या पूररेषेत भराव टाकायचा का नाय? बोला

काठावरचा:
शिवाजी पुलावरनं माझं रोजचं येणं-जाणं. परवा आंबेवाडीच्या अंगाला बघितलं तर ऊस तुटलेल्या रानात डंपर लागलेत, मुरूम पार रस्त्याच्या लेव्हलला आलाय. २०१९ ला त्याच रानावरनं बोट जाताना मी स्वतः बघितलीय! राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजत्यात, तिथं इशारा ३९ फुटाला, धोका ४३ ला, आणि २०१९, २०२१ दोन्ही साली पाणी ५५ च्या वर गेलं. पाच नद्यांचं पाणी एका पंचगंगेत येतंय, त्यानं पसरायचं कुठं? निळ्या रेषेच्या आत, म्हंजे बांधकामाला बंदी असलेल्या पूरपट्ट्यात, एक पाटी मुरूम पडता कामा नये, माझं स्पष्ट मत.

मळेकर:
भावा, रेषा मारणं सोपं हाय. आमची वीस गुंठं त्या रेषेत. दोन्ही पुरात ऊस हातचा गेला, शेंड्यात चिखल बसला की पोंगा कुजतो, मग नुसती चिपाडं ओढायची. पीक येईना, घर बांधू देईनात, विकायला काढलं तर गिऱ्हाईक रेषा विचारून माघारी जातंय. आणि शिरोलीजवळ हायवेचा भराव हाय त्याचं काय? तिथं पाणी तटतंय, तो कोण काढणार? गरिबाचाच मुरूम दिसतोय सगळ्यांना.

कुंभार गल्ली:
मी शाहूपुरीतली. आमच्याकडं नदी सरळ येत नाही, नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी मागं सरतं आणि गल्लीत शिरतं. तेही ऐन गणपतीच्या तोंडावर. २०२१ ला रात्री दोनला अर्धवट रंगवलेल्या मूर्ती आम्ही बायकांनी जिन्यावरनं वर चढवल्या, खालच्या शाडूच्या सगळ्या विरघळल्या, सकाळी नुसता गाळ. मीटरच्या वर चिखलाची रेघ अजून आहे, रंग दिला तरी उमटते. तिकडं एक रान भरलं की ते पाणी आमच्या उंबऱ्यात येतं दादा.

काठावरचा:
मळेकर, हायवेचं तुमचं खरं हाय, तिथं भरावाऐवजी खांबावरचा पूल पायजे, त्यासाठी मी तुमच्यासंगं येतो. पण एक चूक झाली म्हणून दुसरी कशी चालंल?

मळेकर:
ताई, तुमचं वाचून वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण मग आमच्या जमिनीवर पाणी थांबतंय म्हणून शहर वाचतंय, तर त्याचा मोबदला शहरानं द्यावा. टीडीआर द्या, म्हंजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडं बांधकामाचा हक्क, नायतर रेडीरेकनरच्या सरकारी दरानं जमीन घ्या. लेखी हातात पडू दे, मग डंपर मीच आडवा पडून थांबवतो. तोवर मला थांब म्हणू नका, पोरीचं लगीन मार्चमध्ये हाय.