कॅथलिक ईशज्ञानाचा स्वाध्याय : आरंभ अक्वायनसपासून करावा का?

मूळ प्रस्ताव : पोथीनिष्ठ

कोठेही नाव न नोंदवता कॅथलिक ईशज्ञानाचा (थिऑलॉजीचा) दोन-तीन वर्षांचा अभ्यासक्रम स्वतःच आखू पाहणाऱ्याला बहुधा एकच सल्ला मिळतो : आधी परिचयपर पुस्तके वाचा, मूळ ग्रंथांचे नंतर पाहू. माझे मत याच्या नेमके उलट आहे. परिचयांतच उमेद संपते आणि मूळ ग्रंथांची पाळी येतच नाही. म्हणून तेराव्या शतकातील ईशज्ञानी थॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिओलॉजिए’ या प्रश्नोत्तररूपी बृहद्ग्रंथापासूनच आरंभ करावा आणि बाकीचे वाचन त्याच्याभोवती लावून घ्यावे.

हा ग्रंथ केवळ पंडितांसाठी आहे, हा समज त्याच्या आकारामुळे पसरला असावा. आपण नवशिक्यांसाठी लिहीत आहोत, असे अक्वायनस प्रस्तावनेतच सांगतो. निरुपयोगी प्रश्नांचा पसारा, विषयाचा क्रम सोडून हाती असलेल्या पोथीच्या क्रमाने चालणारे अध्यापन आणि पुनरुक्ती यांनी विद्यार्थी कंटाळतात, ही त्याची तेराव्या शतकातली तक्रार आजच्या स्वाध्यायीला आपलीच वाटावी अशी आहे.

शिवाय या ग्रंथाची मांडणीच वाद कसा करावा हे शिकवते. पहिल्या भागातील दुसऱ्या प्रश्नाचे तिसरे प्रकरण पाहावे. ईश्वर आहे काय, असे विचारून अक्वायनस आधी विरोधकाला बोलू देतो : अनंत चांगुलपणा अस्तित्वात असता, तर जगात वाईट उरलेच नसते, आणि सर्व घटनांचा उलगडा निसर्ग व मानवी इच्छा यांनी होत असेल, तर ईश्वर मानण्याची गरज काय? मग बायबलच्या निर्गम ग्रंथातील ईश्वराचे ‘मी आहे तो आहे’ हे वचन येते, त्यानंतर ईश्वराचे अस्तित्व सिद्ध करणारे प्रसिद्ध पाच मार्ग आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना उत्तरे. इतक्या प्रामाणिकपणे पूर्वपक्ष मांडणारा शिक्षक घरबसल्या मिळत असताना दुय्यम पुस्तकांत वेळ का दवडावा?

प्रतिसाद : उलटतपासणी

प्रस्तावनेचा दाखला बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र मान्य होण्याजोगा नाही. त्या काळचा नवशिक्या म्हणजे नित्य उपासनेत स्तोत्रसंहिता गाणारा, बायबलची वचने कानावरून गेलेला आणि तर्कशास्त्राचे प्राथमिक धडे घेतलेला मठवासी तरुण. आजच्या स्वाध्यायीच्या गाठीशी यांतले काय असते? ‘द्रव्य’, ‘रूप’, ‘कारण’ हे शब्द अॅरिस्टॉटलच्या अर्थाने न घेता रोजच्या अर्थाने वाचले, की पाच मार्ग बाळबोध वाटू लागतात आणि वाचक तेथेच ग्रंथ मिटतो. पुढच्याच प्रश्नात, ईश्वर कोणत्याही घटकांचा बनलेला नाही या विवेचनात, खरे काम सुरू होते; तिथवर फार थोडे पोहोचतात.

क्रमाबाबत ख्रिस्तसभेनेच (कॅथलिक चर्चनेच) मार्ग सांगितला आहे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेचा धर्मगुरूंच्या शिक्षणावरील ‘ओप्तातम तोतियुस’ हा आदेश 1965 चा. सिद्धांतविषयक ईशज्ञान शिकवताना आधी बायबलमधील विषय, मग पूर्वेकडील व पश्चिमेकडील आद्य धर्मपित्यांचे, म्हणजे आरंभीच्या शतकांतील ख्रिस्ती आचार्यांचे, योगदान, नंतर सिद्धांताचा इतिहास आणि त्यानंतर थॉमसला गुरू मानून चिंतन, असा क्रम त्यात आहे. त्याच परिषदेचा त्याच वर्षीचा ‘देई व्हर्बुम’ हा दस्तऐवज पवित्र ग्रंथाच्या अध्ययनाला ईशज्ञानाचा आत्मा म्हणतो. सुरुवात आत्म्यापासून करावी, एवढेच माझे म्हणणे.

याचा अर्थ सगळे बायबल संपेपर्यंत थांबावे, असा नाही. एकच विषय धरून उभा छेद घेता येतो. ख्रिस्त कोण, हा प्रश्न घ्या. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातील वाक्य आणि नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायातील ज्ञानाच्या उत्पत्तीचे वचन आधी वाचावे, कारण ख्रिस्त हा पित्याच्या बरोबरीचा नसून निर्माण केलेला आहे, असे म्हणणाऱ्या एरियसच्या पक्षाने त्यांवरच भिस्त ठेवली होती. मग एरियसच्या मताचा विरोधक अथानेशियस, ते मत फेटाळणारी 325 ची नायसियाची परिषद, ख्रिस्त एकच व्यक्ती पण त्याचे स्वभाव दोन (ईश्वरी व मानवी) असा निर्णय देणारी 451 ची कॅल्सिडॉनची परिषद; आणि त्यानंतरच ‘सुम्मा’च्या तिसऱ्या भागातील दुसरा प्रश्न. तेथे कॅल्सिडॉनचा निर्णय अक्वायनसने आधार म्हणून का घेतला, हे आता सांगावे लागत नाही. हाच प्रश्न थेट वाचणाऱ्याला मात्र तो नुसता शब्दच्छल वाटतो.

प्रतिसाद : साशंक

आपण दोघेही क्रमावर भांडत आहात; माझी शंका त्याआधीची आहे. कॅनन कायद्याच्या, म्हणजे ख्रिस्तसभेच्या अंतर्गत कायद्याच्या, 250 व्या कलमानुसार भावी धर्मगुरूंचे तत्त्वज्ञान व ईशज्ञान यांचे शिक्षण किमान सहा पूर्ण वर्षांचे असावे लागते, आणि त्यांतली किमान दोन तत्त्वज्ञानाची. एवढा काळ केवळ पुस्तके उरकण्यासाठी ठेवलेला नसतो. कोणत्या शिकवणीला किती वजन द्यायचे, हे त्यात शिकवले जाते. एकटा वाचक नायसियाचा विश्वासांगिकार (श्रद्धेची अधिकृत घोषणा) आणि पोपमहोदयांचे एखादे प्रासंगिक भाषण एकाच तागडीत घालतो आणि त्या बळावर इतरांना पाखंडी ठरवतो. असे स्वयंघोषित पंडित आपणही पाहिले असतीलच.

प्रतिसाद : उलटतपासणी

पाहिले आहेत, पण हा दोष एकटेपणाचा नसून वाचनातल्या एका गाळलेल्या टप्प्याचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या ‘लुमेन जेन्तियुम’ या ख्रिस्तसभेविषयीच्या संविधानाच्या 25 व्या परिच्छेदात वजनाची कसोटी दिलेली आहे : दस्तऐवजाचे स्वरूप, तीच शिकवण पुन्हा पुन्हा दिली जाणे आणि ती मांडण्याची पद्धत यांवरून पोपचा आशय ओळखावा. सत्यांमध्येही एक क्रम असतो, कारण ख्रिस्ती श्रद्धेच्या पायाशी असलेले त्यांचे नाते सारखे नसते, हे त्याच परिषदेचा 1964 चा ख्रिस्ती ऐक्याविषयीचा आदेश सांगतो. हे दोन उतारे पहिल्याच महिन्यात वाचावेत, आणि 1992 ची धर्मशिक्षिका (कॅटेकिझम, म्हणजे कॅथलिक शिकवणीचा अधिकृत सारग्रंथ) नकाशासारखी जवळ ठेवावी. तिच्या परिच्छेदांखालील तळटिपा मूळ वचनाकडे किंवा परिषदेकडे नेतात. पुष्कळजण त्या वगळतात, आणि तेथेच चुकते.

प्रतिसाद : साशंक

कसोटी वाचणे वेगळे आणि ती लावता येणे वेगळे. ती आपण चुकीची लावली, हे कोणी सांगायचे? दर महिन्याला एका प्रश्नावर दोन पाने लिहावीत, आणि रीतसर शिकलेल्या एका तरी व्यक्तीने ती तपासावीत. ही अट मान्य असेल, तर क्रम कोणताही चालेल.

प्रतिसाद : पोथीनिष्ठ

तपासणीची अट मान्य आहे, आणि उभ्या छेदाची युक्तीही उचलण्याजोगी आहे. तरीही क्रमाबाबत माझा आग्रह कायम आहे. ‘ओप्तातम तोतियुस’मधला क्रम शिक्षक, वेळापत्रक आणि सहाध्यायी लाभलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. यांतले काहीच नसलेल्याला रोज एक प्रकरण, त्यातले आक्षेप आधी स्वतः सोडवून मग अक्वायनसचे उत्तर उघडणे, ही शिस्त दुसरे कोणते पुस्तक देते? त्यात येणारे प्रत्येक बायबलवचन त्याच दिवशी मूळ अध्यायात जाऊन वाचावे. म्हणजे आत्माही मागे राहणार नाही. तपासायला द्यायच्या दोन पानांसाठी पहिला प्रश्न मी निवडला आहे : वाईटाविषयीच्या आक्षेपाला आद्य धर्मपिता ऑगस्टिनच्या आधारे दिलेले ते तीन-चार ओळींचे उत्तर पुरेसे आहे का?